साहेबांनी रबर बदललं

परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "तुमच्या साहेबांनी फ्रिजचं रबर घरच्या घरी बदललं म्हणे? कित्ती छान! आमच्याकडे ट्यूब बदलायलासुद्धा माणूस बोलवावा लागतो." मी हसले. तळमजला येईपर्यंत हसतच राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर जे बाहेर पडलं असतं ते इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लावण्यासारखं नव्हतं.

त्या रबरासाठी साहेबांनी काय केलं ते आधी सांगून टाकते. बॅटरी धरली. तीही अधूनमधून माझ्या डोळ्यांवर.

फ्रिज आमचा एकदारी, 190 लिटरचा, 2011 सालचा. आम्हा नाशिककरांना हवेचा फार गर्व. डिसेंबरात निफाडचा पारा खाली गेला की आम्ही पेपरातली बातमी पुण्याच्या नातेवाइकांना पाठवतो. मे महिन्यात तोच पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मात्र कुणी कुणाला काही पाठवत नाही. अशाच एका मे महिन्यात फ्रिजला घाम फुटला. दाराच्या चौकटीवर थेंब, बर्फाच्या खणात मूठभर जाडीचा बर्फ, आणि मागचा कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेईना. दाराच्या फटीतून बाहेरची दमट हवा आत शिरते, तिच्यातलं पाणी बर्फ होऊन खणाला चिकटतं, बर्फाचा थर वाढला की थंडावा बाहेर यायला अडतो, आणि बिचारा कॉम्प्रेसर धावत राहतो. बिल आपण भरतो.

खात्री करायची रीत सोपी. दारात नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडखळत आली तर रबर ठीक, लोण्यातून सुरी यावी तशी आली तर तिथे फट. एकाच जागी नाही, वीतभर अंतरानं चारही बाजूंना. दुसरी रीत रात्रीची: पेटती बॅटरी आत ठेवायची, स्वयंपाकघरातला दिवा घालवायचा, दार लावून उजेड कुठून गळतो ते बघायचं. आमच्याकडे बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा उजळला.

तरी लगेच नवं रबर आणायला धावले नाही. बरेचदा दोष रबराचा नसतोच, त्याच्या घड्यांत साचलेल्या चिकटाचा असतो. सांडलेलं दूध, आमरसाचे ओघळ, फोडणीच्या तेलाची वाफ. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशनं घड्या उलगडून घासल्या. ब्रश काळा झाला, कोपरा मात्र तसाच. ते फाटलं होतं. आपण रबर म्हणतो, पण ते रबर नसतं, मऊ पीव्हीसी प्लास्टिक असतं. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य त्यात मिसळलेलं असतं आणि तेलकट हात ते हळूहळू शोषून बाहेर काढतात. मग ते कडक होतं, घडीवर चिरतं. थोडक्यात, भजी तळता तळता फ्रिज उघडणाऱ्या प्रत्येकाचा यात वाटा आहे. आमच्याकडे असं कोण करतं ते मी लिहिणार नाही. तो बॅटरी धरून उभा होता.

कंपनीचा माणूस आला. दोन मिनिटं बघून त्यानं नवऱ्याला सांगितलं, "सर, पूर्ण दार बदलावं लागेल. ह्याचं रबर वेगळं येत नाही." काही मॉडेलांत खरंच येत नाही, रबर दारातच पक्कं केलेलं असतं. पण ते ठरवायला रबराची कड उचलून आत डोकवावं लागतं, आणि त्यानं बोटही लावलं नव्हतं. तो भेटीचे पैसे घेऊन गेल्यावर मी कड उचलली. आत स्वच्छ खाच दिसत होती आणि रबराची बाणासारखी शेपटी तिच्यात रुतलेली होती. म्हणजे ओढलं की निघणारं, दाबलं की बसणारं. जुन्या फ्रिजांत ते स्क्रूंनी आवळलेलं असतं, आणि तेच स्क्रू बहुधा दाराचं आतलं प्लास्टिकही धरून ठेवतात. ते सगळे एकदम काढले तर दार पिळवटतं आणि पुन्हा सरळ बसत नाही. तिथे स्क्रू फक्त सैल करायचे, तेही एकेक बाजू घेऊन.

शालिमारजवळच्या एका दुकानात गेले. "गॅस्केट हवंय" म्हटल्याबरोबर पोऱ्यानं कुकरची रिंग पुढे केली. तीन लिटर की पाच? फ्रिजचं म्हटल्यावर त्यानं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि स्कूटर लावून आलेल्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, माप?" माप माझ्या पर्समध्ये, कागदावर. उंची साडे-एकोणचाळीस इंच, रुंदी सव्वावीस. "बाहेर-बाहेर की खाच-खाच?" हेही साहेबांनाच. प्रश्न मात्र शहाण्याचा होता. खाचेत बसणाऱ्या रबराचं माप खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंत घ्यायचं. बाहेरच्या कडेनं घेतलं तर इंचभर फरक पडतो. मोठं आलं तर मधे फुगतं, लहान आलं तर कोपरे ओढले जाऊन उघडे पडतात. मापाबरोबर दाराच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि रबराच्या शेपटीचा जवळून काढलेला फोटोही नेला होता, कारण शेपट्यांचे आकार नाना प्रकारचे. जुनं रबर नमुना म्हणून काढून नेलं की दुकानदार खूश होतो, घरातलं दूध होत नाही. साडेसहाशे रुपये. बिल साहेबांच्या हातात दिलं गेलं.

इथवर मी सहन केलं. मग काका आले.

काका खालच्या मजल्यावरचे. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त, आणि त्यामुळे सोसायटीतली कुठलीही गोष्ट, मग ती पाण्याची मोटर असो वा गणपतीचं मखर, त्यांना उडणाऱ्या वस्तूंच्या अंगानंच दिसते. मी रबर गरम पाण्याच्या बादलीत बुडवून बसले होते. दुकानातून ते घडी घालून येतं, घड्यांच्या जागी वळ राहतात, ते तसेच बसवले तर प्रत्येक वळ म्हणजे एक फट. अंघोळीपेक्षा जरा कडक पाणी, उकळतं नव्हे, आणि दहा-पंधरा मिनिटं. काका दारातूनच म्हणाले, "काय साहेब, रबर उकडताय?"

साहेब ओट्याला टेकून मोबाइल बघत होते.

"वळ काढतेय, काका," मी म्हणाले.

"साहेब, पण उकडून काय होतं?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मऊ होऊन सरळ होतं." नवरा म्हणाला, "मऊ होऊन सरळ होतं." काकांनी मान डोलावली. "बरोबर. साहेबांचा अभ्यास आहे."

पुढचा पाऊण तास आमच्या स्वयंपाकघराचा कारभार या पद्धतीनं चालला. प्रश्न काकांचा, जाणार नवऱ्याकडे. उत्तर माझं, जाणार नवऱ्यामार्फत. स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईंना निदान मधे कुणाला विचारावं लागत नाही.

"साहेब, स्क्रू कुठे आहेत?" "ह्याला स्क्रू नसतात." "ह्याला स्क्रू नसतात, काका." "असं कसं? आमच्या फ्रिजला आहेत. वरची बिजागरी सोडा, दार काढून आडवं टाका." दार काढायची काही गरज नव्हती. फक्त प्लग काढायचा आणि दारातल्या बाटल्या, अंडी उतरवून ठेवायची म्हणजे दार हलकं राहतं. मी खालच्या कोपऱ्यातून जुनं रबर ओढायला घेतलं. ते सुर्र करत निघालं आणि खाचेत शेपटीचे दोन तुकडे ठेवून गेलं. हे तुकडे हमखास राहतात, आणि न काढता वर नवं दाबलं की तेवढ्याच जागी ते उचलून येतं. आइस्क्रीमच्या काडीनं उकरून काढले. लोखंडी काही घालायचं नाही, खाचेची कड चिरते.

"साहेब, फेविक्विक लावा. कायमचं काम."

कायमचंच. ते वाळून काचेसारखं कडक होतं, रबराला दबायला जागा राहत नाही, आणि पुढच्या वेळी काढताना खाचेसकट निघतं. हे मी सांगितलं, नवऱ्यानं प्रक्षेपित केलं, काका म्हणाले, "साहेब, आम्ही मिगच्या कॅनोपीची, वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाची, सीलं बघितलीत. त्यात हवा भरलेली असते. चाळीस हजार फुटांवर गळती झाली तर काय होईल, वहिनींना कल्पना आहे का?"

सबंध संध्याकाळीत माझा हा पहिला उल्लेख, तोही तृतीय पुरुषी. मी म्हणाले, "काका, आमची कोथिंबीर दुसऱ्या मजल्यावर आहे."

बसवायचा क्रम महत्त्वाचा. आधी चारही कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग उरलेलं. एका टोकापासून सरळ दाबत गेलं तर शेवटी वीतभर रबर हातात उरतं, किंवा कमी पडतं, आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो. अंगठ्यानं दाबत जायचं, शेपटी आत गेली की टच्च असं बोटाला कळतं. कानाला नाही, बोटाला. अंगठा दुखला की लाटण्याची मूठ. कोपरे जपायचे, कारण आतली चुंबकाची पट्टी चार बाजूंना चार वेगळे तुकडे असते. कोपऱ्यात ती अखंड वळत नाही, त्यामुळे फट पडली तर तिथेच.

आणि पडली. वरचा कोपरा, बिजागरीकडचा, पाव इंच उघडा. हेअर ड्रायर घेतला. मध्यम गरम, वीतभर लांब, हात सारखा फिरता. एका जागी धरला तर पीव्हीसी चकाकतं आणि मग ते गेलंच. मिनिटभरानं मऊ झालेली कड बोटांनी हलकेच बाहेर ओढली, दार लावून घट्ट धरलं. बिजागरीच्या बाजूला पेट्रोलियम जेलीचं पुसट बोट फिरवलं म्हणजे दार लावताना रबर घासून गुंडाळलं जात नाही. फ्रिजचे पुढचे दोन पाय अर्धा आटा वर घेतले. अर्धं उघडं दार आपण होऊन मिटलं पाहिजे, नाही मिटलं तर नवं रबरही काय करणार? पाय फिरवताना फ्रिज मागे रेलून धरायला माणूस लागतो. नवऱ्याचं हे योगदान मी मान्य करते.

दार फप्प करून लागलं. काकांनी लगेच उघडायला ओढलं, उघडेना. "साहेब, जाम झालं! बघा, मी म्हणत होतो." जाम नव्हतं. दार उघडल्यावर आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो, बाहेरची हवा दार दाबून धरते. अर्धा मिनिट थांबलं की सुटतं. जुन्या रबरात हे होतच नव्हतं, फटीतून हवा खुशाल ये-जा करत होती. जाम होणं हीच पावती.

"त्यापेक्षा पूर्वीचा खटका बरा," काका म्हणाले. "दार लावलं की खट्ट. चुंबकाचं काय खरं?"

इथे मात्र मी दुभाष्याला बाजूला सारलं. तो खटका आतून उघडत नसे. टाकून दिलेल्या फ्रिजांत लपाछपी खेळताना पोरं अडकून गुदमरली, म्हणून अमेरिकेत 1956 मध्ये कायदा करावा लागला, की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. खटका गेला आणि ही मवाळ चुंबकाची पट्टी आली. ती मवाळ आहे ते पोराच्या हातांनी हरावी म्हणून. आजही जुना फ्रिज भंगारात देईपर्यंत गॅलरीत ठेवायचा असेल तर दार काढून ठेवावं. हे मी थेट काकांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. काका क्षणभर गप्प झाले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, हे बरं सांगितलंत."

शेवटी चाचणी. काकांनी हात पुढे केला, "नोट द्या." मी दहाची दिली. "ही मऊ पडलीय, कागद कडक पाहिजे." विसाची? तीही नको. शेवटी पर्समधली जांभळी, करकरीत शंभराची काढली. काकांनी ती चौदा ठिकाणी धरून ओढली, प्रत्येक वेळी "पास" म्हणाले, वरच्या कोपऱ्यात "काठावर पास" म्हणाले. ड्रायर पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा "पास". मग नोटेची नीट घडी केली, शर्टाच्या खिशात पेनाच्या मागे ठेवली, आणि "चहा नको, वहिनी, उशीर झाला," म्हणत गेले.

चहा मी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फ्रिजचा घाम आटला, कॉम्प्रेसर थांबून थांबून चालू लागला, आणि सोसायटीभर साहेबांची कीर्ती पसरली. शंभर रुपयांचं काही नाही हो, असं मी स्वतःला चार दिवस सांगत होते. चार दिवसांत भाजी घेताना, रिक्षावाल्याला सुटे देताना, दर वेळी ती नोट आठवत होती. पाचव्या दिवशी बेल वाजली. काका होते. "परवा चुकून माझ्या खिशात राहिली," म्हणाले, आणि माझ्या पुढे केलेल्या हातावरून हात लांब करून, मागे सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याला नोट दिली.