जखम झाकल्याने सन्मान राखला जात नाही

युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांवरील चित्रपटांत तुटलेले अवयव, शय्यागृहातली असहायता आणि मनाचे कोसळणे दाखवू नये, कारण त्याने सैनिकाचा अपमान होतो, घरच्यांना यातना होतात, मुलांवर वाईट परिणाम होतो आणि खासगीपण उरत नाही, असे सांगणारा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यामागची आस्था खरी आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

अपमानाचा मुद्दा आधी घेतो. विल्यम वायलर यांच्या १९४६ च्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये दोन्ही हात गमावलेल्या नौसैनिकाची भूमिका करणारे हॅरॉल्ड रसेल व्यावसायिक नट नव्हते; लष्करात प्रशिक्षक असताना १९४४ मध्ये स्फोटकांच्या अपघातात त्यांचे हात खरोखरच गेले होते. चित्रपटातला तो तरुण, जिच्याशी लग्न करायचे आहे त्या मुलीला रात्री आपल्या खोलीत नेतो, अंग आक्रसून कृत्रिम हातांच्या पट्ट्यांतून बाहेर पडतो, हातांऐवजी लावलेले लोखंडी आकडे पलंगावर टाकतो आणि सांगतो, की आता हे दार वाऱ्याने लागले तर मला ते उघडता येणार नाही. ती पुढे होऊन त्याच्या सदऱ्याची बटणे लावते. हा प्रसंग कापला असता, तर आकड्यांनी काडी पेटवून दाखवणारा, कौतुकाचा धनी तेवढा उरला असता आणि त्याची रात्र कोणालाच कळली नसती. याच भूमिकेसाठी रसेल यांना दोन ऑस्कर मिळाले.

घरच्यांच्या यातना चित्रपटाने सुरू होत नाहीत. फ्रेड झिनेमान यांच्या १९५० च्या ‘द मेन’मध्ये पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांच्या आया आणि बायका डॉक्टरांना विचारतात, की मूल होईल का. ज्यांच्या घरात हा प्रश्न रोज उशाशी असतो, त्यांना तो पडद्यावर ऐकून धक्का बसेल, हे मला पटत नाही. आपल्याकडे युद्धात जायबंदी झालेले जवान मुरलीकांत पेटकर यांचे १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमधले जलतरणाचे सुवर्णपदक आपण अभिमानाने सांगतो. परंतु १९६५ च्या युद्धातील गोळ्यांपासून त्या पदकापर्यंतची सात वर्षे गाळली, तर पदकाचे मोल कशावरून कळणार?

मुलांसाठी वयानुसार प्रमाणपत्रे आहेत आणि चित्रपट कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा व सोळा वर्षे असे टप्पेही केले आहेत. त्यासाठी कात्रीची गरज नाही.

खासगीपणाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. अमेरिकी दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी दुसऱ्या महायुद्धात मनाने खचलेल्या जवानांवर अमेरिकी लष्कराच्याच रुग्णालयात ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट केला, तेव्हा समोर खरे रुग्ण होते, काही संमोहनाखाली होते, आणि अशा अवस्थेतली संमती कितपत खरी, ही शंका रास्तच आहे. म्हणूनच प्रत्येकाला शुद्धीवर असताना, नकाराची मोकळीक देऊन विचारायला हवे. त्याच्या वतीने आपणच ‘नाही’ म्हणणे हा त्यावरचा उपाय नव्हे. लष्कराने खासगीपणाचेच कारण देऊन तो माहितीपट १९४६ मध्ये रोखला, आणि लोकांसमोर तो १९८० च्या सुमारास आला, तेव्हा त्यातले विशीतले जवान साठीच्या घरात पोहोचले होते.