जुनिन्हो म्हणजे नुसती फ्री किक? अजिबात नाही

घोडबंदर रोडच्या टर्फवर खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे ब्राझीलचा जुना फुटबॉलर जुनिन्हो पर्नाम्बुकानो, त्याला एकच गोष्ट यायची, फ्री किक (फाउल झाल्यावर बॉल ठेवून मारतात ती) काढून टाका तर साधा मिडफिल्डर, त्यातही बॉल हवेत डुलायचा तो नवीन बॉलमुळे, ट्रॉफ्या मिळाल्या त्या फ्रान्सची लीग कच्ची म्हणून, आणि ब्राझीलने त्याला कधी विचारलंच नाही. खाली सगळ्यांचे अंगठे. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी बॉलचं घेऊ, ती सगळ्यात मोठी थाप आहे. डुलणारा म्हणून बदनाम झालेला वर्ल्डकपचा बॉल जाबुलानी आला २०१० ला, त्याच्या आधीच्या वर्ल्डकपचा १४ पॅनेलचा टीमगाइस्ट २००६ ला. आणि जुनिन्होचा ब्राझीलच्या वास्को क्लबकडून अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटविरुद्धचा गोल १९९८ चा आहे! कोपा लिबर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या कपची सेमीफायनल, ब्यूनस आयर्सचं मोन्युमेंटल स्टेडियम, वास्को एका गोलने मागे, मॅच संपत आलेली, आणि याने लांबून फ्री किक ठोकून १-१ केलं. सेमीफायनल दोन मॅचेसची, पहिली वास्कोने १-० घेतलेली, त्यामुळे एकूण गोलांवर ते फायनलला गेले आणि कपही जिंकले. वास्कोचे फॅन्स त्या गोलचं गाणं अजून स्टेडियममधे म्हणतात. २००३ ला फ्रान्सच्या लियों क्लबकडून म्युनिकमधे बायर्नविरुद्ध मारलेली किकही टीमगाइस्टच्या आधीचीच, बायर्नचा कीपर ऑलिव्हर कान बॉलच्या मागे झेपावला आणि जाऊन पोस्टवर आदळला.

बॉल डुलतो कारण त्याला स्पिन जवळपास नसतेच. बेकहॅमसारखी स्पिन दिली की बॉल एकाच बाजूला वळत जातो, चांगल्या कीपरला निदान अंदाज तरी येतो. स्पिन नसली की बॉलच्या शिवणी कुठे येतायत त्यावर दोन्ही बाजूंची हवा वेगवेगळ्या जागी सुटते, बॉल मधेच डावीकडे सरकतो, मधेच खाली बसतो. पण एवढ्या जोरात मारूनही तो फिरू द्यायचा नाही म्हणजे पाय बरोब्बर मधोमध लागला पाहिजे, जरा इकडेतिकडे झाला की संपलं. आपल्या टर्फवर डोक्यावर जाळी, लांबून मारायला जागा नाही, म्हणून पोरं रील बघून मागे झुकून मारतात आणि बॉल सरळ वरच्या जाळीत जातो, मग म्हणायचं त्याचा बॉलच वेगळा होता. स्वतः फ्री किकसाठी गाजलेल्या इटलीच्या पिर्लोसारख्या माणसाने सांगितलंय की तो जुनिन्होच्या किक्सचा बसून अभ्यास करायचा.

फ्री किक काढल्या तर काय उरतं? लियोंसाठी त्याचे १०० गोल, त्यातले ४४ फ्री किकवर. म्हणजे पेनल्टी धरून ५६ गोल बाकीचे, आणि हा स्ट्रायकर नाही, आठ सीझन मिडफिल्डला खेळलेला माणूस आहे. २००६ च्या वर्ल्डकपला जपानविरुद्ध लांबून मारलेला गोल आठवा, चालू खेळातला होता तो.

आणि गोलही बाजूला ठेवा. तो यायच्या आधी लियोंने फ्रेंच लीग एकदाही जिंकलेली नव्हती. २००१ ला तो आला आणि २००२ ते २००८ लागोपाठ सात टायटलं. या काळात क्लबने त्याच्या शेजारचा मिडफिल्ड अक्षरशः विकून टाकला, २००५ ला एसियन चेल्सीला, २००६ ला दियारा रियालला, २००७ ला मालूदा परत चेल्सीला, तरी लियों जिंकतच राहिलं कारण खेळ कुठून कुठे न्यायचा हे ठरवणारा माणूस तिथेच होता. २००९ ला बोर्दोने लीग नेली तेव्हाही तो टीममधे होता, हे मान्य. पण तो ३४ वर्षांचा होता आणि त्याच सीझनला चॅम्पियन्स लीगमधे बार्सिलोनाविरुद्ध दोन्ही मॅचेसमधे त्याने गोल केलाय.

लीग कच्ची म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, २००४ ला याच लीगमधला मोनॅको क्लब चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब कपच्या फायनलला गेला, आणि त्या वर्षी फ्रान्सचा चॅम्पियन लियों होता. रोनाल्डिन्हो, द्रोग्बा याच लीगमधे खेळून पुढे गेले.

राहिलं ब्राझील. समोर रोनाल्डिन्हो, काका, झे रॉबर्टो असताना ४० मॅचेस मिळणं म्हणजे न विचारणं कसं होईल? २००५ चा कॉन्फेडरेशन्स कप जिंकलेल्या टीममधे तो आहे, २००६ ला फ्रान्सविरुद्धच्या क्वार्टरफायनलला सुरुवातीपासून मैदानात आहे, आणि त्या पराभवानंतर नवीन पोरांना जागा मिळावी म्हणून तो स्वतःहून बाजूला झाला. आणि ७ सप्टेंबर १९९९ बघा. पोर्तो अलेग्रेला ब्राझीलकडून अर्जेंटिनाविरुद्ध खेळला आणि त्याच दिवशी उरुग्वेत मोंटेव्हिडिओला जाऊन वास्कोकडूनही खेळला, एका दिवसात दोन देशांत दोन मॅचेस, आणि क्लब आणि देश दोघांनाही तो हवा होता.