‘प्रोग्राम हँग होतो’ या तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल आमच्या सगळ्या टीमसोबत बसून वाचला. तुम्ही लिहिलंय की दोन लाख ओळींच्या फाइलवर गणना लावली, काही सेकंदांत विंडो पांढरी पडली, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं आणि ‘रद्द करा’ कितीही दाबलं तरी हालचाल नाही. पाऊण तासाने टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद केलात आणि सकाळपासून केलेल्या दुरुस्त्या गेल्या. त्यावर आमच्या सपोर्टने सांगितलं, कॉम्प्युटर जुना झालाय, रॅम वाढवा.

ते उत्तर चुकीचं होतं. तुमच्या कॉम्प्युटरचा यात काही दोष नाही. उत्तर देणाऱ्या मुलाचाही नाही, त्याला तसं सांगायला आम्हीच लिहून दिलं होतं. तो मजकूर आता काढला आहे. तुमची माफी मागते.

खरं काय होत होतं ते सांगते. तुमची प्रत्येक क्लिक, प्रत्येक कळ, विंडो पुन्हा रंगवण्याची प्रत्येक सूचना एका रांगेत येते. प्रोग्रामचा मुख्य थ्रेड, म्हणजे एकामागून एक कामं करणारा त्याचा मुख्य धागा, ती रांग एकेक करून उपसतो. आम्ही गणनाही त्याच थ्रेडवर चालवत होतो, त्यामुळे गणना चालू असेपर्यंत रांगेकडे बघायला कुणीच नव्हतं. ५ सेकंद कुणी रांगेला हात लावला नाही की विंडोज तो प्रोग्राम अडकला असं धरतं आणि खऱ्या विंडोच्या जागी तिची फिकट नक्कल दाखवतं. तुमच्यासमोर होती ती ही नक्कल. ‘रद्द करा’ हे बटणही त्याच थ्रेडच्या भरवशावर, म्हणून ते मुकं झालं. आत गणना मात्र नीट चालली होती. एवढ्या ओळींना आमच्याकडे साधारण पन्नास मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही बंद केलंत तेव्हा ती संपत आली असणार. हे वाचताना फार वाईट वाटलं.

ही तक्रार आम्हाला नवी नव्हती. मागे एकदा आम्ही सोपा मार्ग धरला होता: गणनेच्या मधेमधे ‘रांगेतलं काय आहे ते उरकून घे’ अशी एक ओळ प्रोग्रामच्या कोडमध्ये घातली. विंडो हलायला लागली, पण एका ग्राहकाने गणना चालू असतानाच ‘सुरू करा’ पुन्हा दाबलं आणि पहिल्या गणनेच्या पोटात दुसरी सुरू झाली. दोघींनी एकाच तक्त्यावर लिहिलं. चुकीचा आकडा देण्यापेक्षा गोठलेली विंडो परवडली, म्हणून ती ओळ काढली. तिथेच न थांबता मुळापासून काम करायला हवं होतं, ते आम्ही लांबवलं.

आता ते झालं आहे. गणना वेगळ्या थ्रेडवर चालते आणि सुरू होताना तक्त्याची स्वतःची प्रत घेते, त्यामुळे मधे तुम्ही आकडे बदललेत तरी निकाल बिघडत नाही. पडद्याला हात फक्त मुख्य थ्रेड लावतो. गणना त्याला नुसते निरोप पाठवते. पहिल्या चाचणीत आम्ही दर ओळीमागे एक निरोप पाठवला आणि दोन लाख निरोपांनी तीच विंडो पुन्हा गुदमरली. आता सेकंदाला दहाच जातात, प्रगतीची पट्टी सरकताना दिसायला तेवढे पुरतात. पट्टी ९९ टक्क्यांवर अडायची, कारण निकालाच्या सगळ्या ओळी एकदम मांडल्या जायच्या. आता पडद्यावर दिसतात तेवढ्याच मांडतो.

‘रद्द करा’बद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आम्ही थ्रेड मधेच मारत नाही. तसं केलं तर अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहते. गणना दर काही ओळींनी ‘थांबायचं का?’ असं बघते आणि सुरक्षित जागी थांबते. समीकरणं सोडवण्याचा टप्पा मात्र मधे तोडता येत नाही. तिथे बटणावर ‘थांबवत आहे’ असं लगेच दिसेल, पण प्रत्यक्ष थांबायला अर्धा मिनिट लागू शकतो.

आणि गणना वेगवान झालेली नाही. पन्नास मिनिटं ती पन्नासच. एवढंच की त्या वेळात तुम्ही दुसरा तक्ता उघडू शकता, सेव्ह करू शकता, थांबवू शकता. तुमच्या दुरुस्त्या गणनेआधी आपोआप सेव्ह होतात: आधी वेगळ्या फाइलमध्ये, ती पूर्ण लिहून झाली की मगच जुनीच्या जागी.

गेलेलं काम परत आणता येत नाही, याची खंत आहे. फाइल पाठवायला हरकत नसेल तर नव्या आवृत्तीवर ती मी स्वतः चालवून बघेन. अपडेट करेपर्यंत गणना लावण्याआधी फाइल हाताने सेव्ह करा. विंडो पांढरी पडली तर टास्क मॅनेजरमध्ये आमच्या प्रोग्रामसमोरचा सीपीयूचा आकडा बघा. तो शून्यावर गेला नसेल तर बहुतेक गणना चालूच आहे, प्रोग्राम बंद करू नका.