नॉबच्या ऑर्डरबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय, की प्लास्टिकचे पीस काढणारं मोल्डिंग मशीन ऑटोमॅटिक असूनही ऑपरेटर प्रत्येक शॉटला (साच्यात एकदा प्लास्टिक भरून पीस काढायच्या फेरीला) मशीनचं दार उघडतो, लावतो, त्या वेळेचे पैसे तुमच्या रेटमध्ये लागतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचे चांगले दिसणारे पीसही आम्ही बाजूला टाकतो. तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे. ते तसं का, हे इतर ग्राहकांनाही कळावं म्हणून इथेच लिहितो.

तुमच्या नॉबमध्ये पितळी इन्सर्ट आहे, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो धातूचा तुकडा. नुसता प्लास्टिकचा पीस इजेक्टरने ढकलला की खाली पडतो आणि मोल्ड (साचा) पुन्हा बंद होतो, तिथे माणूस लागत नाही. आमची झाकणं तशीच चालतात. इन्सर्ट मात्र दर शॉटला मोल्डमधल्या पिनेवर हाताने बसवावा लागतो. ऑपरेटर तो बोटाने थोडा फिरवतो, तळाला टेकला का बघतो, मगच दार ओढतो. दार लागलं की सायकल सुरू. इन्सर्ट तिरका राहिला तर पितळ मोल्डमध्ये दाबलं जातं आणि मोल्ड तुमच्याच पैशांचा आहे.

दाराचा लिमिट स्विच (दार लागल्याशिवाय मशीन चालू न देणारा) बांधून ठेवला तर वेळ वाचेल, असं तुम्ही सुचवलंत. ते आमच्याकडे होणार नाही, ऑर्डर कितीही मोठी असो. मोल्डच्या दोन प्लेटांमध्ये माणसाचा हात जातो. दार उघडं असताना मोल्ड बंद होताच कामा नये.

आता बाजूला टाकलेल्या पीसबद्दल. बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापत्या नळीत, नायलॉन साधारण 240 अंशांवर वितळलेलं असतं. ऑपरेटर एका लयीत चालला की दर शॉटचं मटेरियल सारखाच वेळ आत राहतं. मशीन थांबलं की आतलं मटेरियल जास्त वेळ तापतं, इकडे मोल्ड गार पडतो. अशा वेळचा पीस दिसायला ठीक असतो, पण बोल्ट आवळताना इन्सर्टभोवती तडकू शकतो. म्हणून आम्ही आधी पर्ज करतो, म्हणजे आतलं तापलेलं मटेरियल बाहेर काढून टाकतो, आणि सायकल स्थिर होईपर्यंतचे शॉट तुमच्या मालात घालत नाही. ही काळजी रेटमध्ये आहे, आणि ती असायलाच हवी असं माझं मत आहे.

डिलिव्हरीचं म्हणाल, तर एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात मोल्ड गार ठेवणारं कूलिंग टॉवरचं पाणीही कोमट येतं. मग कूलिंगचा वेळ वाढवावा लागतो, नाहीतर पीस वाकडा निघतो. उन्हाळ्याची ऑर्डर आधी कळवलीत तर तशी आखणी करू.

रेट खाली आणायचा एक मार्ग आहे. नॉब पूर्ण ऑटोवर काढून इन्सर्ट नंतर गरम करून बसवायचा. पण तो मोल्डिंगमध्ये बसवलेल्याइतकी घट्ट पकड सहसा देत नाही, आणि तुमचा नॉब रोज आवळला-सोडला जातो. तरी दोन्ही प्रकारचे नमुने काढून देतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत या, तुमच्याच बोल्टवर टॉर्क (पिळायचा जोर) लावून बघा आणि मग कोणता घ्यायचा ते सांगा.