काटा प्रथिनाबरोबर पाणीही तोलतो

गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या पृष्ठभाग-संशोधनावरच्या एका लेखात ‘क्वार्ट्झ क्रिस्टल चिकटलेल्या प्रथिनाचं नेमकं वजन सांगतो’ असं ठोकून दिलंय. हा क्रिस्टल म्हणजे कंप पावणारा सूक्ष्म काटा: वर काही चिकटलं की त्याची फ्रिक्वेन्सी (कंपनसंख्या) घटते आणि त्या घटीवरून वजन काढतात. हवेत ठीक आहे, द्रावणात नाही. ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर १ हर्ट्झची घट म्हणजे चौरस सेंटिमीटरला १७.७ नॅनोग्रॅम, हे सॉअरब्रेचं १९५९ चं सूत्र पातळ, ताठ थरापुरतंच. द्रावणात रेणूंच्या मधलं पाणीही थराबरोबर हलतं आणि वजनात धरलं जातं. फायब्रिनोजेनसारख्या लांबुडक्या प्रथिनात तर निम्म्याहून जास्त आकडा पाण्याचाच असू शकतो. कोरडं वजन हवं असेल तर एसपीआर किंवा एलिप्सोमेट्री (प्रकाशाने थर मोजणाऱ्या पद्धती) जोडीला लावा.

आणि डिसिपेशनचा, म्हणजे थर किती मऊ आहे हे सांगणाऱ्या कंपनातल्या ऊर्जा-ऱ्हासाचा, लेखात उल्लेखच नाही! केलर आणि कासेमो या संशोधकांनी १९९८ मध्ये तिथेच दाखवलं: सिलिकावर लिपिडच्या पुटिका (पाणी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या) सोडल्या की फ्रिक्वेन्सी आधी खोल जाते, मग पुटिका फुटून सपाट थर होतो, आतलं पाणी सुटतं आणि ती वर येऊन उणे २६ हर्ट्झच्या आसपास थांबते, डिसिपेशन जवळजवळ शून्यावर. ऑक्सिडाइज्ड सोन्यावर त्याच पुटिका अख्ख्या राहतात. सिलिकावरही आकडा उणे ३५ ला अडकला आणि डिसिपेशन उतरेना, तर सगळ्या पुटिका फुटलेल्या नाहीत. पहिला संशय सेन्सरवर घ्यावा: २ टक्के एसडीएसमध्ये (साबणासारखं डिटर्जंट) अर्धा तास, भरपूर शुद्ध पाणी, नायट्रोजनने कोरडा, मग यूव्ही-ओझोन, आणि लगेच वापर. बफर (वापरायचं द्रावण) डिगॅस केलेला, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा काढलेली, नसेल तर एक बुडबुडाही अख्खा आलेख वाया घालवतो.