शिळ्या भाताला स्लॅशची फोडणी

सकाळचे आठ वाजले होते. बायको रात्रीचा भात परातीत हाताने मोकळा करत होती आणि मी ओट्याला टेकून, कानात हेडफोन घालून, डोळे मिटून उभा होतो. 2021 चा ऑगस्ट. गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडचं नवं गाणं आलं होतं, ‘ॲब्सर्ड’. गिटारवाला स्लॅश आणि बासवाला डफ बँडमध्ये परतल्यानंतरचं पहिलंच. असल्या क्षणी माणसाने डोळे मिटायचे नाहीत तर कधी?

“कसं आहे?” तिने तेलात मोहरी टाकता टाकता विचारलं.

“नवीन आहे,” मी म्हणालो. कसं आहे ते सांगायचा धीर होईना.

“नवीन आहे ते कळलं. कसं आहे?”

“म्हणजे तसं अगदी नवीन नाही. 2001 मध्ये स्टेजवर वाजवलं होतं त्यांनी. तेव्हा नाव वेगळं होतं. आता त्यावर स्लॅशची गिटार घातलीय.”

तिने कढईत भात लोटला. एकदा भाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“म्हणजे हेच की,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात या बँडच्या नव्या गाण्यांना ‘भात’ म्हणतात.

माझं दुखणं जुनं आहे. मी सांगलीचा. 17 सप्टेंबर 1991 ला या लोकांनी एकाच दिवशी दोन अल्बम काढले, ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन भाग. चित्र तेच, एकाचं पिवळं-लाल, दुसऱ्याचं निळं-जांभळं. आमच्याकडे कॅसेट पोचल्या तेव्हा माझ्या खिशात एकीचेच पैसे होते. मी पिवळी घेतली, कारण ‘नोव्हेंबर रेन’ तीत होतं. निळी पलीकडच्या गल्लीतल्या मित्राने घेतली, आणि पुढे दोन वर्षं आमची मैत्री त्या अदलाबदलीवर तगली. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बँडचा गायक ॲक्सल रोझचा तारसप्तकातला आवाज हळूहळू आमच्या कीर्तनकार बुवांच्या पट्टीत उतरायचा. आईने एकदा बँडच्या नावाचा अर्थ विचारला. सांगितला. “बंदुका नि गुलाब? एक काहीतरी ठरवा म्हणावं,” एवढंच म्हणाली.

त्यांना तेच तर कधी जमलं नाही. दुसरा गिटारवाला इझी 1991 मध्येच गेला होता, 1996 मध्ये स्लॅश गेला, पाठोपाठ डफ. भाऊबंद वाटण्या घेऊन निघून जावेत आणि वाड्यावरची पाटी एकट्याच्या नावावर राहावी, तसा ॲक्सल उरला. 1993 मध्ये दुसऱ्यांची गाणी म्हणून दाखवणारा एक अल्बम आला होता, आणि आता पुढचा, अस्सल, येणार होता. माझी नोकरी लागली तेव्हा तो येणार होता. लग्न ठरलं तेव्हा येणार होता. मुलीच्या बारशाला मी पाहुण्यांना पेढे देत होतो तेव्हाही तो येणारच होता.

दरम्यान माणसं येत होती, जात होती. एक गिटारवाला बकेटहेड नावाचा. डोक्यावर तळलेल्या कोंबडीची रिकामी बादली, तोंडावर पांढरा मुखवटा. त्याच्यासाठी म्हणे स्टुडिओत कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं. (हे मी सासरी अजून सांगितलेलं नाही.) क्वीन या बँडचा गिटारवाला ब्रायन मे याला बोलावून त्याच्याकडून एक सोलो वाजवून घेतला आणि अल्बम आला तेव्हा त्यातून काढून टाकला. 2005 पर्यंत 1 कोटी 30 लाख डॉलर खर्च झाल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं. आमच्या घराचं बांधकामही त्या सुमाराला असंच चाललं होतं, फक्त रक्कम लहान होती.

2008 मध्ये डॉ. पेपर या कंपनीने जाहीर केलं की यंदा हा अल्बम आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक सोडा फुकट. फक्त स्लॅश आणि बकेटहेड यांना मिळणार नाही. कंपनीला वाटलं असणार, कुठला येतोय! आणि 23 नोव्हेंबरला तो आला. ‘चायनीज डेमोक्रसी’. कुपनसाठी एवढी झुंबड उडाली की कंपनीची वेबसाइटच बसली.

आता माझं मत. मिसळीवर तर्री हवी, फरसाण हवं, कांदा-लिंबू हवं. पण या अल्बममध्ये त्यावर कुणीतरी श्रीखंडही ओतलंय. एकेका गाण्यात गिटारवाले इतके की कोण काय वाजवतोय त्याची हजेरी घ्यावी लागते. वर व्हायोलिनं, पियानो, यंत्राचे ठेके, मागे कोरस. पंधरा वर्षं हाताशी असली की माणूस काहीही मागे ठेवत नाही. तरीही ‘देअर वॉज अ टाइम’च्या शेवटी तो बादलीवाला जे वाजवतो, ते ऐकून मला अजूनही खुर्चीत सरळ बसावं लागतं. बादली का घातली, असला प्रश्न मग पडत नाही.

2012 मध्ये एका बातमीदाराने ॲक्सलला विचारलं, जुना संच पुन्हा एकत्र कधी? तो म्हणाला, या जन्मात नाही. त्याच डिसेंबरात तो मुंबईला येऊनही गेला. मी गेलो नाही. नवरदेव तोच, पण सोबतची वरात दुसऱ्याच गावची, अशा लग्नात अक्षता टाकायला आपण कशाला जायचं? आणि 2016 मध्ये स्लॅश आणि डफ दोघेही परत आले. दौऱ्याचं नाव काय, तर ‘या जन्मात नाही’! कमाई 58 कोटी डॉलरच्या वर. आपल्याकडे एवढं निर्लज्ज आणि एवढं फायद्याचं मनोमिलन फक्त निवडणुकीच्या निकालानंतर बघायला मिळतं.

मग आम्ही पुन्हा वाट पाहायला बसलो. आता तर नवा अल्बम येणारच. आला भात.

‘ॲब्सर्ड’बद्दल जास्त बोलवत नाही. ॲक्सलचा आवाज यंत्रातून असा पिळून काढलाय की रिक्षातल्या फाटक्या स्पीकरची आठवण यावी. पण पुढच्याच महिन्यात ‘हार्ड स्कूल’ आलं आणि मी चारदा लागोपाठ ऐकलं. हेही जुनंच, चोरून फुटलेली त्याची आवृत्ती आम्ही चाहते ‘जॅकी चॅन’ या नावाने ओळखायचो. पण सुरुवातीला डफचा बास एकटा चालत येतो ना, ओळखीच्या पावलांनी, की दार उघडायला उठावंसं वाटतं. आणि मग स्लॅश. मी मुलीलाही ऐकवलं. ती म्हणाली, “बाबा, छान आहे. पण तू रडतोयस का?” मी म्हटलं, फोडणीत मिरची जास्त झालीय. पुढच्या वर्षी याच दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली. चार गाणी, त्यातली दोन जुनीच, कार्यक्रमात वाजवलेली. डब्यात वर भजी आणि खाली नुसताच कागद, तसं.

2023 च्या ऑगस्टमध्ये ‘परहॅप्स’. हे तर अधिकृतपणे येण्याआधी अमेरिकेतल्या बारमधल्या जुकबॉक्समधूनच फुटलं. इतकी वर्षं जपलेलं गुपित कुणीतरी दारू पिता पिता बटण दाबून ऐकलं! गाणं पियानोवरचं, साधं, चांगलं आहे. नाव तर अप्रतिम. पुढचा अल्बम कधी येणार, या प्रश्नाला ‘कदाचित’ हे तीस वर्षांतलं बँडचं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर असावं. त्याच वर्षी आलेलं ‘द जनरल’ मला मात्र आवडलं नाही. जड, संथ, अंधारलेलं. मित्र म्हणतो, तेच सगळ्यात भारी. हा तोच, निळ्या कॅसेटवाला. त्याची आवड तेव्हापासूनच तशी.

17 मे 2025 ला मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर आम्ही दोघे शेवटी गेलो. गुडघ्याला पट्टा, पिशवीत ॲसिडिटीच्या गोळ्या. स्लॅश साठीला टेकलेला, डोक्यावर तीच टोपी. ॲक्सलचा आवाज वरच्या स्वरांना लांबूनच नमस्कार करून खाली येतो आता. मित्राने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. व्होल्टेज पडलंय, असं आम्ही एकदमच म्हणालो, आणि पुढचा अर्धा तास घसा फुटेस्तोवर ओरडलो.

परत आल्यावर मी बायकोपाशी तक्रार केली, की ही माणसं ताजं काही का करत नाहीत.

“ताज्या भाताला फोडणी दिली तर गोळा होतो,” ती म्हणाली. “रात्रभर निवलेलाच लागतो.”

“आणि आंबला असेल तर?”

“तर गाईला घालायचा.”

‘ॲब्सर्ड’ मी फोनमधून काढून टाकायला घेतलं होतं. काढलं नाही. एक तर आमच्या सोसायटीत गाय येत नाही, आणि दुसरं म्हणजे शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्लॅश आहे.

हल्ली नव्या अल्बमची कुठली कुणकुण लागली की मी काही बोलत नाही, नुसते हेडफोन चार्जिंगला लावतो. बायको ते बघते आणि रात्री कुकरला वाटीभर तांदूळ जास्त लावते.