माझ्या टकलाचे चार वर्तमानकाळ

इंग्रजी भाषेला वर्तमानकाळ चार आहेत आणि ते चारही माझ्या टकलावर चपखल बसतात, हे गेल्या गुरुवारी संध्याकाळी ठाण्याच्या नौपाड्यातील एका इंग्रजी संभाषण वर्गात सज्ञान माणसांच्या भरल्या खोलीत सिद्ध करण्यात आले. मी त्या वर्गाला का जातो, ते थोडक्यात सांगतो. वागळे इस्टेटमधील आमच्या कचेरीत नवे साहेब आले असून सोमवारची बैठक त्यांनी इंग्रजीतून सुरू केली आहे, आणि निवृत्तीला आलेल्या माणसाने तिथे नुसती मान हलवत बसू नये, असे माझ्या मुलीचे मत आहे. फी तिनेच भरली.

त्या दिवशीचा धडा माणसांच्या आणि चित्रांच्या वर्णनाचा होता. आमच्या मिसनी, ज्या वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेत, फळ्यावर दोन रकाने आखले. माणसाचे जे कायमचे असते, म्हणजे उंची, डोळे, नाक, ते साध्या वर्तमानकाळात सांगायचे. आणि जे त्या घटकेपुरते असते, म्हणजे अंगावरचे कपडे, हातातली पिशवी, उभे राहणे, बसणे, ते चालू वर्तमानकाळात. 'शी हॅज ब्राउन आइज', परंतु 'शी इज वेअरिंग अ ग्रीन साडी'. 'आय अ‍ॅम हॅविंग टू चिल्ड्रन' असे मात्र कदापि म्हणायचे नाही, कारण मुले ही बाळगण्याची गोष्ट आहे आणि बाळगण्याच्या क्रियापदाला चालू काळ लागत नाही. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. मग त्यांनी शेजारी बसलेल्या व्यक्तीचे वर्णन करायला सांगितले, आणि माझ्या शेजारी फौजदारसाहेब बसले होते.

फौजदारसाहेबांविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे. ते ठाण्यातल्याच एका ठाण्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले आहेत, मुलगा टोरंटोला असतो, आणि तिथल्या नातवाशी चार शब्द बोलता यावेत म्हणून ते वर्गाला येतात. सारी हयात त्यांनी पंचनामे लिहिण्यात घालवली. त्यामुळे त्यांना कशाचेही साधे वर्णन करता येत नाही. त्यांच्या हातून पंचनामाच होतो. आदल्या आठवड्यात मिसनी एक रंगीत चित्र दाखवले होते: बागेत झाडाखाली चादर अंथरून बसलेले गोरे आईबाप, दोन मुले, एक कुत्रा आणि खाण्याची टोपली. घोडबंदर रोडवरून येणाऱ्या एका मुलीने 'दे आर एन्जॉयिंग' म्हणून सुटका करून घेतली. फौजदारसाहेब मात्र उठून उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "इन द फोरग्राउंड, वन मेल, एज अबाउट फॉर्टी, बिल्ड मीडियम. ही इज होल्डिंग वन शार्प वेपन." तो पाव कापण्याचा सुरा होता. "इन द बॅकग्राउंड, वन ट्री. अंडर द ट्री, वन डॉग, कलर ब्लॅक, ओनर नॉट नोन."

मिसनी कौतुकाने सांगितले की चित्राचे वर्णन करताना थोडा तर्क केलेला चालतो, 'दे लुक हॅपी' म्हणावे, 'दे मस्ट बी अ फॅमिली' म्हणावे. फौजदारसाहेबांनी खेदाने मान हलवली. "नो प्रूफ, मिस." ती बाई त्या माणसाची पत्नी आहे हे चित्रात कुठेही लिहिलेले नाही आणि ते सुखी आहेत याला साक्षीदार नाही, हे त्यांनी तुटक इंग्रजीत पण कमालीच्या ठामपणे मांडले, आणि नंतर सगळ्या वर्गाकडे वळून विचारले की चित्रात चार इसम आहेत, तर चित्र काढणारा पाचवा इसम कुठे आहे? "फिफ्थ पर्सन इज मिसिंग." घोडबंदरची ती मुलगी ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते, आणि त्या परीक्षेत चित्र पाहायला २५ सेकंद व त्यावर बोलायला ४० सेकंद मिळतात. तिने मोबाइलवर वेळ लावून पाहिली. ४० सेकंद संपले तेव्हा फौजदारसाहेब कुत्र्यापर्यंतच पोहोचले होते.

त्यांचे दुःख मला कळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे. ज्याने आयुष्यभर खोलीतली प्रत्येक वस्तू शब्दांत उतरवली, त्याची जागा आता मोबाइल घेणार. असे शिल्लक राहिलेले कौशल्य माणूस कुठेतरी खर्च करणारच. ते माझ्यावर खर्च व्हावे, एवढ्यालाच माझी हरकत आहे.

गुरुवारी त्यांनी मला उभे राहायला सांगितले, नजरेने माझी उंची मोजली आणि सुरुवात केली. "धिस इज वन मेल पर्सन. ही हॅज राउंड फेस, फ्लॅट नोज. ही इज वेअरिंग ब्लू शर्ट, वन बटन मिसिंग." सगळा वर्ग माझे बटण शोधू लागला. मिस म्हणाल्या की 'राउंड फेस'च्या आधी 'अ' हवा, 'फ्लॅट नोज'च्या आधीही हवा. माझ्या नाकाला अशा रीतीने आर्टिकल मिळाले. ते खरोखर चपटे आहे का, हे कोणालाही विचारावेसे वाटले नाही.

त्यानंतर ते म्हणाले, "ही हॅज नो हेअर."

मी कानांच्या वरची दोन्ही बाजूंची जागा बोटाने दाखवली. मिसनी माझ्या डोक्याकडे, बाजारात नारळ निवडणारी माणसे पाहतात तसे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला, कारण शिक्षकाला हवे असते तसे उदाहरण त्यांच्या पुढ्यात चालून आले होते. 'हेअर' हे डोक्यावरच्या केसांसाठी अगणनीय नाम आहे, त्या म्हणाल्या, परंतु एकेक केस मोजण्याजोगा असेल तर 'हेअर्स' म्हणता येते. "फ्यू हेअर्स," फौजदारसाहेब लगेच म्हणाले. त्यावर मिसनी 'अ फ्यू' म्हणजे थोडे का होईना पण आहेत, आणि नुसते 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच, हा भेद समजावून दिला आणि कोणता शब्द योग्य यावर हात वर करायला सांगितले. निकाल माझ्या विरुद्ध गेला.

मग फळ्यावर एकाखाली एक वाक्ये उमटली. 'ही हॅज फ्यू हेअर्स': साधा वर्तमानकाळ, वस्तुस्थिती. 'ही इज लूझिंग हिज हेअर': चालू वर्तमानकाळ, क्रिया आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. 'ही हॅज लॉस्ट हिज हेअर': पूर्ण वर्तमानकाळ, क्रिया संपली असून परिणाम समोर दिसतो आहे. 'ही हॅज बीन लूझिंग हिज हेअर': चालू पूर्ण वर्तमानकाळ, आधी कधीतरी सुरू झाली आणि अजूनही थांबलेली नाही. या शेवटच्या वाक्याला 'सिन्स' किंवा 'फॉर' लागते, 'सिन्स'पुढे नेमका क्षण आणि 'फॉर'पुढे कालावधी, हे ऐकताच फौजदारसाहेबांनी वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि माझ्याकडे पाहून विचारले, "सिन्स?" त्यांना तारीख हवी होती. मागच्या बाकावरील एका बाईंनी 'सिन्स मॅरेज' असे सुचवले. मिसनी विषय सावरण्यासाठी दुसरे उदाहरण दिले की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, म्हणून 'ट्रेन्स हॅव बीन कमिंग टू ठाणे सिन्स १८५३'. उदाहरण चांगले होते. ते माझ्या केसांच्या खालोखाल लिहायचे काही कारण नव्हते.

एवढ्यावर भागले नाही. 'व्हॉट डझ ही लुक लाइक' हा रूपाविषयीचा प्रश्न असून 'व्हॉट इज ही लाइक' हा स्वभावाविषयीचा असतो, तेव्हा यांचा स्वभाव सांगा, असे मिस म्हणाल्या. फौजदारसाहेबांनी विचार करून उत्तर दिले, "नो पास्ट रेकॉर्ड." शेवटी एकापुढे एक विशेषणे लावायची होती, आणि इंग्रजीत त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी बोलणाऱ्याचे मत, मग आकारमान, मग वय, मग घडण, मग रंग. फौजदारसाहेब सावकाश म्हणाले, "अ सस्पिशस, शॉर्ट, ओल्ड, राउंड, ब्राउन मॅन." मिसनी टाळ्या वाजवल्या. वर्गाने वाजवल्या. क्रम अचूक होता. मी संशयास्पद का, असे मी विचारताच, पहिले विशेषण हे मताचे असते आणि मताला पुरावा लागत नाही, असा खुलासा मिसनी केला. चित्रातल्या गोऱ्या कुटुंबाच्या सुखाला मात्र त्याच गृहस्थांनी आठवड्यापूर्वी पुरावा मागितला होता.

तेव्हा मी म्हणालो, "फौजदारसाहेब, तुमच्या पोटाचा पंचनामा करायचा झाला तर पंच दोन पुरणार नाहीत." आणि मला दहा रुपये दंड झाला.

वर्गात मराठी बोलल्यास वाक्यामागे दहा रुपये, असा नियम आहे. गडकरी रंगायतनपासून हाकेच्या अंतरावर, नौपाड्यात, एका मराठी वाक्याचे दहा रुपये. दंडाचा डबा फौजदारसाहेबांच्या ताब्यात असतो, कारण ते विश्वासू आहेत. त्यांनी नोट उजेडात धरून पाहिली आणि मला पावती दिली. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये भेटलेला माणूस 'काय हो, किती सुटलात' असे तोंडावर म्हणतोच, त्याचे मला काही नाही, कारण त्याच दमात त्याला चार शब्द ऐकवता येतात. इथे अपमान इंग्रजीत होतो आणि उलट बोलायचे तर आधी क्रियापद स्थितिदर्शक आहे का ते पाहावे लागते. तोवर माणूस खाली बसलेला असतो. आमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आले. पाचवीपासून पुढे मी रामाला सर्व काळांत आंबा खायला लावले आणि त्याचे गुणही मिळवले, पण राम दिसतो कसा, हे मला एकाही परीक्षेत कोणी विचारले नाही. विचारले असते, तर गुरुवारी मी उभ्या उभ्या उत्तर दिले असते.

शनिवार-रविवार मी उत्तर तयार केले. 'ही हॅज अ बिग स्टमक. ही इज वेअरिंग अ बेल्ट, बट द बेल्ट इज नॉट वर्किंग.' कायमचे ते साध्या काळात, तात्पुरते ते चालू काळात, आर्टिकले जागच्या जागी. मुलीकडून तपासून घेतले. पुढच्या वर्गाला मी हात वर करणार, तोच मिसनी फळा पुसला आणि भूतकाळ सुरू केला. तरीही मी उठलो. मिसनी माझे वाक्य ऐकून घेतले आणि ते आजच्या धड्यात बसवून मागितले. झाले ते 'ही हॅड अ बिग स्टमक'. म्हणजे पूर्वी होते, आता नाही. फौजदारसाहेबांनी पोटावरून हात फिरवत "थँक यू, सर" म्हटले आणि भरल्या वर्गात, शुद्ध मराठीत सांगितले, "रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो ना!"

मी डब्याकडे बोट दाखवले. डबा सांभाळणाऱ्याला दंड कोण करणार, असे मिस हसत हसत म्हणाल्या आणि पुढच्या वाक्याकडे वळल्या. डब्यात आजवर किती जमा झाले आणि त्यात माझा वाटा किती, याचा हिशेब मी त्याच संध्याकाळी मागितला आहे. अर्ज इंग्रजीतून करावा, असे मला कळवण्यात आले आहे.